नराच्या वेलीला लाल चिंधी

नवी वैनी शिवलिंगीच्या वेलीला हात घालाया लागली तवा वर्षाराणीनं तिला आडवलं न्हाई. मुद्दामच न्हाई. बोराटीच्या झुडपापाशी उभी राह्यली, दातात गवताची काडी, अन् बघत राह्यली. वैनीनं वेल वढली, पानं चाचपली अन् मोठ्या खुशीत वरडली, "आत्याबाई, घावली! करटुल्याचीच ना ही?"

वर्षी अशी खदाखदा हासली की चरती शेरडं मान वर करून बघाया लागली.

"व्हय व्हय, करटुलंच हाय," ती म्हणली. "तोड की. करणदादाला भाजी करून घाल. मंग बस दिसभर त्याच्या मागं टमरेल घेऊन."

करण म्हंजी वैनीचा नवरा, वर्षीचा चुलतभाऊ. अन् वैनी जिला आत्याबाई म्हणून हाका मारत व्हती ती करणची आई आसराबाई, वर्षीची मोठ्याई. मोठ्याई तवर चढण चढून वर आली. कंबरंवर हात ठिवून तिनं वर्षीकडं एकदा बघितलं, अन् वर्षीनं तोंड मिटलं. मंग मोठ्याई वैनीच्या बाजूला खाली बसली.

"हे बघ बाई. आधी पानाकडं जाऊ नको, पान फसवतं. हे सूत बघ." वेल ज्या बारीक सुतानं झुडपाला धरून वर चढती ते तिनं नखावर घेतलं. "ह्याला म्होरं दोन फाटे हायेत का न्हाई? फाटे दिसले की शिवलिंगी. करटुल्याचं सूत एकटं असतं. सरळ जातं अन् गुंडाळतं. आता पान बघ. हे पाची बोटं पसरल्यावानी. करटुल्याचं बदामावानी, लई झालं तर तीन कोनं."

वैनीनं ते सूत आपल्या बोटाला गुंडाळून बघितलं. मंग हळूच म्हणली, "म्हंजी आधी सूत, मंग पान."

"बराबर," मोठ्याई म्हणली.

तो 'बराबर' वर्षीच्या कानाला चटका देऊन गेला. तो शब्द तिचा व्हता. ह्या माळावर मोठ्याईनं तो दुसऱ्या कुणाला दिला नव्हता.

वर्षीची शाळा नववीतच सुटली. सुटली म्हंजी तिनंच सोडली. एका सरांनी भर वर्गात म्हणलं, "तुला काय करायचंय शिकून, मेंढरंच हाकायचीत ना?" पोरं हासली. वर्षीनं दप्तर उचलून खिडकीतून भाईर फेकलं अन् सोता दारातून निघून गेली. घरी मार बसला, तरी परत गेली न्हाई. मंग चार दिस कुणाशी न बोलता बसल्यावर मोठ्याईनंच तिला उठवलं. "चल माळावर. घरात बसून भांड्यावर राग काढून राह्यलीस. तिकडं दगडावर काढ."

तिथं तिचे डोळे उघडले. तरोट्याचं पान गोल टोकाचं अन् सांजच्याला मिटणारं. पाथरी जिमिनीला चिटकून, पान मोडलं की दूध. घोळ जाड पानाची, चिवळ तिची बारकी भईण. वर्षी चालत्या पायी, लांबून वळखायची. मोठ्याई तिला घार म्हणायची. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला गर्दी झाली की रस्त्याच्या कडंला पोतं टाकून दोघी रानभाज्या घेऊन बसायच्या, अन् गिऱ्हाईक म्हणलं, "मावशी, हे खरं करटुलंच हाय ना?" तर मोठ्याई नुसता वर्षीच्या पाठीवर हात ठिवायची. "माह्या घारीनं तोडलंय."

अन् आता ही आली. तृप्ती. घनसावंगीकडची, उसाच्या पट्ट्यातली. तिकडं नजर पोचंल तिथवर ऊस. माळ म्हंजी काय ते तिला ठाऊक न्हाई. वर्षीपेक्षा मोठी, तरी नणंद म्हणून तिला "वर्षाताई, वर्षाताई" करायची. वर्षीला त्या ताईचा लई राग यायचा. पण सगळ्यात जास्ती राग ह्याचा, की तिला एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नव्हतं.

वैनी माळावर आल्यापास्नं मोठ्याईच्या हाकाच बदलल्या. आधी "वर्षे!" यायचं. आता "तृप्ती, वर्षे!" यायला लागलं. वर्षी दुसरी.

अन् मंग ते फुलाचं झालं.

एका सकाळी उन्हं वर यायच्या आत तिघी माळावर गेल्त्या. करटुल्याचं फूल सांजच्याला उमलतं अन् ऊन तापलं की मिटतं. पिवळी फुलं अजून उघडी व्हती. वैनी एका वेलीपाशी बसली ती उठंचना. ह्या वेलीचं फूल बघितलं, त्या वेलीचं बघितलं, परत ह्या.

"आत्याबाई," ती म्हणली, "ह्या वेलीच्या फुलाच्या मागं बारकी गोळी हाय. काटेरी. अन् त्या वेलीला एक बी गोळी न्हाई. तिच्या कळ्यांना नुसत्या पानाच्या टोप्या हायेत. ह्या दोन येगळ्या जाती हायेत का?"

मोठ्याईनं कपाळावरचा पदर मागं सारला. तोंडभर हासली.

"अगं, जात एकच. गोळीवाली मादी, टोपीवाला नर. नराला जन्मभर फळ येत न्हाई. पण तो नसला तर मादीला बी येत न्हाई. कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. दिसलं."

"बघ वर्षे! दिसलं म्हणती!"

वर्षीला हे ठाऊक नव्हतं व्हय? तिला तर पहिल्याच साली दिसल्तं. पण तिनं ते तोंडानं कधी बोलून दाखवलं न्हाई. दिसलं ते दिसलं, त्यात वरडायचं काय? आता म्हणावं तर वैनीच्या मागून म्हणल्यावानी व्हणार.

"मला ठाऊक व्हतं," ती तरी म्हणली.

"असंल," मोठ्याई म्हणली, अन् वैनीलाच फूल उलटं करून दाखवाया लागली.

त्याच दिशी मोठ्याईनं जुनं लाल लुगडं फाडून चिंध्या केल्या. तिच्या मनात लई दिसापास्नं व्हतं की करटुल्याचे कंद शेताच्या बांधावर आणून लावायचे. पण दिवाळीनंतर वेल वाळून जाती. वर काहीच राहत न्हाई, खाली नुसता कंद, अन् कंदावरून नर-मादी कळत न्हाई. नर उकरून आणले तर बांधावर नुसता पाला. म्हणून फुलं हायेत तवरच मादीच्या बुडाला खूण बांधायची. चिंधी असंल तिथलं उन्हाळ्यात उकरायचं.

वर्षीनं हात म्होरं केला. पण मोठ्याईनं चिंध्यांचा गुच्छा वैनीच्या हातात दिला. "तू बांध. शिकशील."

वर्षीचा हात तसाच राह्यला. मंग तिनं त्या हातानं डोकं खाजवलं. सांजच्याला फुलं उमलली तशी वैनीनं माळभर चिंध्या बांधल्या.

एवढ्यावर बी भागलं असतं. पण रातच्या भाकरी थापताना तिला मोठ्याईचं बोलणं ऐकू आलं. मोठ्याई भाईर वसरीवर वर्षीच्या आईशी, नंदाबाईशी बोलत व्हती.

"पोळा झाला की तृप्तीला खोऱ्यात न्यायचं म्हणते मी."

वर्षीचा हात काठवटीतच थांबला.

खोरं म्हंजी काळ्या खडकाच्या मागची मोठ्याईची जागा. तिथली करटुली आख्ख्या माळावर न्हाईत अशी, मुठीत न मावणारी. मोठ्याईला ती तिच्या सासूनं दाखवल्ती. माळावर जाणाऱ्या बायांचा रिवाजच तसा, जिची जागा तीच दाखवणार. दुसरीनं दाखवायची न्हाई, अन् न दाखवता कुणी तोडायचं बी न्हाई. वर्षीला खोरं ठाऊक नव्हतं असं न्हाई. दोन सालाखाली ती लपत-छपत मोठ्याईच्या मागं गेल्ती अन् सगळं बघून आल्ती. पण तिथलं एक करटुलं तिनं कधी तोडलं न्हाई. तिला ती जागा नुसती ठाऊक असून नको व्हती. मोठ्याईनं हाताला धरून न्यायला पाहिजे व्हतं. तिला वाटायचं, यंदा नेईल. पुढल्या साली नेईल.

"बराबरच हाय," भाईर नंदाबाई म्हणली. "सूनच ती. आमची काय, आज ना उद्या परक्याच्या घरी जायाची."

"करपलं वाटतं काही," मोठ्याई म्हणली. "ए वर्षे! तव्यावर ध्यान हाय का?"

ध्यान नव्हतं. तव्यावरची भाकरी काळी ठिक्कर झाल्ती.

दुसऱ्या दिशी दुपारी वर्षी शेरडं घेऊन एकलीच माळावर गेली. मनात पक्कं केल्तं. वैनीनं बांधलेल्या चिंध्या मादीच्या सोडायच्या अन् नराला बांधायच्या. मोठ्याईला म्हणावं बघ तुही हुशार सून. हिला नर कळंना का मादी, अन् हिला खोरं दाखव.

फुलं मिटल्ती, पण वर्षीला फुलं लागत नव्हती. मिटल्या कळीची टोपी तिला चालता चालता दिसायची. एकेक चिंधी सोडत ती निघाली. सोडताना आशा करत व्हती की निदान एक तरी चिंधी वैनीनं चुकीची बांधली असंल. एक सापडू दे, म्हंजी हे पाप आर्धं तिचं. पण एक बी चुकली नव्हती. झुडपाच्या पार आत, जिथं फूल निब्बर काट्यांत दडल्तं, तिथं सुद्धा बराबर. तिनं हात खरचटून घेतला असंल तिथं.

"मर," वर्षी वेलीला म्हणली, अन् चिंधी हिसकून शेजारच्या नराला बांधली.

घरी आली तवा वैनीनं विचारलं, "वर्षाताई, च्या ठिवू का?"

"मला नको तुहा च्या," वर्षी म्हणली.

पोळ्याच्या आदल्या सकाळी मोठ्याई चिंध्या बघाया निघाली. दोघी मागं. पहिल्या वेलीपाशी वाकली अन् तशीच वाकलेली राह्यली.

"अगं ए तृप्ती. हे काय करून ठिवलं?"

वैनी धावली. बघितलं तर चिंधी टोपीवाल्या वेलीला. तिचं तोंड पांढरं पडलं. दुसऱ्या वेलीकडं गेली, तिसऱ्या. सगळीकडं तेच. वर्षी दगडावर बसून पायानं माती उकरत व्हती. हीच घडी तिला पाहिजे व्हती, अन् आता ती आल्ती तर तिला त्यात पाहिजे तेवढी चव लागत नव्हती.

वैनीनं एका चिंधीला हात लावला. बोट गाठीवर थांबलं. तिनं गाठ बघितली, बराच येळ बघितली. मंग मान फिरवून वर्षीकडं बघितलं.

तवा कुठं वर्षीच्या ध्यानात आलं.

वैनी गाठ बांधतच नव्हती. तिच्या माहेरी उसाची मोळी बांधत्यात तशी ती चिंधीला पीळ द्यायची अन् टोक आत खोचून टाकायची. अन् इथं वेलीवर व्हती ती कोकराची गाठ. पळणाऱ्या कोकराच्या पायाला धनगराच्या घरात बांधत्यात ती. वढलं तरी पायाला आवळत न्हाई, अन् गाठीचं शेपूट, म्हंजी मोकळं टोक, धरून हिसकलं की एका दमात सुटती. रागाच्या भरात वर्षीच्या हातानं न बघताच तीच बांधल्ती. सगळ्या वेलींना.

"माहंच चुकलं असंल, आत्याबाई," वैनी म्हणली. "घाईत बांधल्या."

वर्षीला वाटलं हिच्या एक मुस्काडात द्यावी. गुण पण हिचे, अन् आता मोठेपणा पण हिचाच!

"काऊन खोटं बोलून राह्यली?" ती दगडावरून उठलीच. "तुह्या चिंध्या बराबर व्हत्या! सगळ्या बराबर व्हत्या! मी बदलल्या. काय करायचं ते करा!"

मोठ्याई सरळ झाली. तिनं रागावून बघितलं न्हाई, ते जास्त वाईट.

"मला ठाऊक हाय," ती म्हणली. "पान, फूल, सूत बघून वळखाया मीच शिकवलं ना तुला? मंग माह्याच घरची गाठ मी वळखणार न्हाई व्हय? मी नुसतं बघत व्हते कोण आधी तोंड उघडतं."

"मंग खोरं दाखव जा तिला! ती सून हाय! मी काय, परक्याची!" वर्षीचा आवाज फाटला. "मी उन्हातान्हात फिरले तुह्यासंगं. ती आता आली अन् तिला चिंध्या, तिला खोरं. मला काय? शेरडं!"

एक शेरडू आगाऊपणानं वरडलं.

"सोड सगळ्या," मोठ्याई म्हणली. "अन् जिथल्या तिथं बांध. मी बसते इथं."

वर्षीनं सोडल्या, बांधल्या. रडत रडत, नाक पुसत, पण एकदा बी थांबून फूल उलटं करून बघितलं न्हाई. वैनी तिच्या मागं मागं फिरली अन् तोंड उघडून बघत राह्यली. "न बघताच कळतं तुम्हाला?" ती पुटपुटली. वर्षीनं ते ऐकलं मात्र नीट.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून वाळला नव्हता तवा सकाळीच मोठ्याईनं टोपलं काढलं. "तृप्ती, चल." मंग जरा थांबून, "वर्षे, तू बी."

वर्षीला कळंना कशाला. दाखवायचं तिला, अन् बघायला मला नेऊन राह्यली? तरी गेली. न गेली असती तर दिसभर घरात तेच डोळ्याम्होरं आलं असतं.

काळ्या खडकापाशी आल्यावर मोठ्याई फतकल मारून बसली. गुडघा चोळला.

"माह्यानं आता वर चढवत न्हाई. वर्षे, तू ने तिला."

"मी?"

"तुला वाट ठाऊक हाय की. दोन सालाखाली माह्या मागं आल्तीस ना? बाभळीच्या आड लपल्ती. लाल वढणी घालून लपतंय का कुणी, येडे?"

वर्षीच्या कानापतोर रगत चढलं. "मंग तवा बोलली काऊन न्हाईस?"

"एक जरी तोडलं असतंस तर बोलले असते." मोठ्याईनं टोपलं तिच्या हातात दिलं. "जा. ऊन व्हतंय."

वर्षी म्होरं, वैनी मागं. खडकाला वळसा घातला की वाट फुटती. डावीकडली नाल्यात उतरती. तिथं झुडपावर झुडपं वेलींनी झाकल्यात, लांबून बघावं तर वाटावं हेच खोरं, पण सगळी शिवलिंगी. उजवीकडली काट्यांतून वर चढती.

वर्षी फाट्यावर थांबली. मागं वैनी धापा टाकत व्हती. डावीकडं वळलं की झालं. शिवलिंगी बघून ती वळखंल, पण खोरं तिला दिसायचं न्हाई. मोठ्याई खाली बसलेली. परत येऊन म्हणायचं, यंदा आलंच न्हाई काही. खोरं राहील तसंच, कुणाचंच न्हाई. म्हंजी थोडं वर्षीचंच.

मंग एकदम तिच्या डोक्यात आलं. जिची जागा तीच दाखवणार. दुसरीनं दाखवायचीच न्हाई. अन् मोठ्याई खाली बसून राह्यली, दाखवायला वर्षीला धाडून.

गुडघ्याचं खोटंच असंल. काल बैलाम्होरं चांगली नाचल्ती ती.

वर्षी उजवीकडं वळली. पण अशी जल्दी चालली की वैनीच्या लुगड्याला बोराटीनं चार जागी धरलं.

"वर्षाताई, जरा थांबा की!"

"ताई म्हणू नको मला. वर्षी म्हण."

खोऱ्यात पाय टाकला अन् गार वाटलं. वेली खडकावरून खाली लोंबत व्हत्या. वर्षी भवतीनं बघत उभी राह्यली. छातीत काहीतरी मोठं झाल्यावानी वाटत व्हतं. आता ती सांगणार व्हती, इथून सुरू कर, हा नर, त्याच्या खालची मादी—

"हे बघा केवढं!" वैनी वाकली अन् वर्षीच्या पायाशीच, पानाखालून, एक करटुलं काढून तिनं हातावर धरलं. हिरवंगार, अंगभर मऊ काटे. वर्षी त्याच्यावरून आत्ताच चालत गेल्ती.

झालं. परत हिलाच आधी दिसलं.

"ते असू दे," ती फटकारली. "ऐक. ती वरची वेल दिसती का, खडकाच्या कपारीतली? ती माही. तिला हात लावायचा न्हाई. कधीच न्हाई."

"बरं."

"अन् चिंध्या मी बांधणार. तुहा पीळ दिवाळीपतोर टिकत न्हाई. वाऱ्यानं सुटतो."

"मंग ती गाठ मला दाखव," वैनी म्हणली, अन् टोपल्यातली एक चिंधी तिच्याम्होरं धरली.

वर्षीनं बांधून दाखवली. एकदाच, अन् चटकन. वैनीनं वेल धरली, शेपूट फिरवलं, आतून काढलं, वढलं. गाठ आवळली अन् वेलीचं साल सोलाया लागलं. वैनीनं सोडली. परत बांधली. परत आवळली.

"कुठं चुकतंय गं, वर्षे?"

शेपूट वरून काढायचं असतं, ती खालून काढत व्हती. वर्षीला पहिल्याच खेपंला दिसल्तं. ती कपारीतल्या आपल्या वेलीपाशी जाऊन बसली, एक करटुलं तोडलं, वढणीला पुसलं. सांगणार व्हती. पण जरा येळानं.